खारीच्या दातांना सुट्टी नाही

वेड घेऊन पेडगावला जायचं म्हणतात ना, ते पेडगाव भीमेकाठचं. आपलं पेडगाव परभणी जिल्ह्यातलं, आणि इथल्या पोरांना वेड खारीचं! जोराचं वारं सुटलं, झाडाखाली पिल्लू पडलेलं दिसलं, की कुणीतरी बुटाचं खोकं शोधायला धावतंच. "आई, हिला पाळू या ना!"

जरा थांबा. आधी ही बाई आहे कशी ते बघा.

तिच्या पाठीवरचे पट्टे मोजा. रामाने तीन बोटं फिरवली म्हणून तीन पट्टे उमटले, असं आजी सांगते. पण आपल्या देशात पाच पट्ट्यांची खारही असते! वरच्या दोन पट्ट्यांचा हिशेब आजीलाच विचारा.

मांजर झाडावर चढतं आणि उतरताना घाबरतं. खार मात्र डोकं खाली करून सरसर उतरते. तिचे मागचे पाय घोट्यातून उलटे वळतात, त्यामुळे नख्या सालीत रुतून राहतात. तिचे पुढचे चार दात तर आपल्या नखांसारखे, जन्मभर वाढतच राहतात. बिया, शेंगा, साल कुरतडून ते रोज झिजवावे लागतात. पिंजऱ्यात नुसतं दूध-पोळी देऊन ठेवलेल्या खारीचे दात वाकडेतिकडे वाढतात, मग तिला खाताच येत नाही. गाईच्या दुधाने पिल्लाला हगवणही लागते. लाड आपले, हाल तिचे!

आणि खार पिंजऱ्यात राहतेच असंही नाही. १८९८ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या प्राणिसंग्रहालयात आपल्या पाच पट्टेवाल्या खारी नेल्या होत्या. त्या तिथून निसटल्या आणि शहरातल्या झाडांवर संसार थाटून बसल्या!

"मग हेमलकशाला डॉ. प्रकाश आमट्यांनी बिबटे, अस्वलं कशी सांभाळली?" विचारा, विचारा. ती हौस नव्हती. शिकारीत मेलेल्या माकडिणीला तिचं पिल्लू बिलगून होतं, ते त्यांनी शिकाऱ्यांकडून मागून घेतलं. तिथून ते प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं. त्या पिल्लांना आई उरलीच नव्हती. तुम्हाला सापडलेल्या पिल्लाची आई मात्र बहुधा वरच्याच फांदीवर चिक्‌चिक्‌ करत असते.

रानातला प्राणी पकडणं ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारच धरली जाते. पिंजऱ्यातला पोपटही त्यातच आला, बरं का!

तेव्हा बुटाचं खोकं आणाच, पण घरी नेऊ नका. मोठ्या माणसाला हाक मारा. खोक्यात मऊ फडकं घालून पिल्लू त्याच झाडाच्या बुंध्याशी ठेवा, झाकण उघडं असू द्या, कुत्र्या-मांजरांना हाकला आणि लांब उभे राहा. आई येऊन पिल्लाला तोंडात धरून वर नेते. दिवस मावळेपर्यंत ती आली नाही किंवा पिल्लू जखमी असेल, तर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर मोठ्यांना फोन करायला सांगा.