एबीएसचा दिवा लागला म्हणून युनिट काढू नका

गाळप हंगामात पंढरपूर तालुक्यातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर रानातली काळी माती येते. त्यावर पावसाची सर पडली की रस्ता साबणासारखा निसरडा होतो. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसची खरी गरज अशाच वेळी असते, आणि त्याचा पिवळा दिवा लागला की ‘युनिट गेलं’ असा निकालही झटकन दिला जातो.

पुष्कळदा दोष चाकापाशीच असतो. तिथला सेन्सर चाकाचा वेग मोजतो. त्यावर चिखल बसला, उंदरानं वायर कुरतडली किंवा कनेक्टर गंजला तरी दिवा लागतो. म्हणून मेकॅनिकला आधी स्कॅनर लावून बिघाडाचा कोड पाहायला सांगा.

‘युनिट काढून पाइप थेट जोडले तरी ब्रेक लागतातच,’ हा समज सर्वांत घातक. लागतात, पण पहिल्यासारखे नाहीत. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे सरकतो आणि मागची चाकं हलकी होतात. त्यांच्याकडे जाणारा दाब आवरण्याचं काम आजच्या बहुतेक गाड्यांत हेच युनिट करतं. ते नसेल तर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मनाई आहे.

युनिटमधलं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बिघडलं म्हणून पूर्ण युनिट बदलावंच लागतं, असंही नाही. बऱ्याच गाड्यांत मॉड्यूल हायड्रॉलिक ब्लॉकला स्क्रूनं जोडलेलं असतं. ब्रेकचे पाइप न उघडता ते वेगळं होतं. ब्लॉकच काढायचा असेल तर आधी बॅटरीची केबल सोडायची, पाइपांवर खुणा करायच्या आणि उघडी तोंडं लगेच बंद करायची. धुळीचा कणही आतल्या व्हॉल्व्हला पुरतो. सांडलेलं ब्रेक ऑइल रंग खातं, ते ताबडतोब पाण्यानं धुवा. परत बसवल्यावर नुसतं पेडल मारून एअर काढणं अनेकदा पुरत नाही. स्कॅनरनं आतला पंप चालवावा लागतो. नव्या मॉड्यूलला बहुधा कोडिंगही लागतं.

एबीएसमुळे गाडी नेहमी कमी अंतरात थांबते, हेही खरं नाही. सुट्या खडीवर उलट अंतर वाढू शकतं. फायदा असा की ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग ऐकतं. तेव्हा पेडल थरथरलं तर पाय काढू नका.

पिवळा दिवा लागला तर सावकाश, अंतर ठेवून गॅरेज गाठा. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि टो करूनच न्या.