मिगची तार अडली तर

रांजणगावची औद्योगिक वसाहत आपल्याच शिरूर तालुक्यात आहे. तेथे वेल्डिंगच्या कामाला जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, जाणत्या कारागिरांकडून आम्ही समजून घेतले ते असे.

मिग मशीनची तार अडली की नवशिका रोलरचा दाब वाढवतो. त्याने तारेचा रोलरपाशीच गुंता होतो. त्याऐवजी मशीन बंद करून टिप काढावी व टॉर्च जॉबपासून दूर धरून तार चालवावी. तार सुरळीत आली तर दोष टिपेचा, ०.८ मि.मी. तारेला ०.८ चीच टिप हवी. तरीही अडली तर लायनर हवेने साफ करावा, रोलरची खाच व रिळाचा ब्रेक तपासावा. तार वितळून टिपेला चिकटत असेल तर बहुधा तिचा वेग कमी असतो किंवा टॉर्च फार जवळ धरलेला असतो.

दाबाआधी कारण शोधावे. हेल्परचा वेल्डर होतो तो येथेच.