धाकट्या मैदानाचा विक्रमवीर

मुलाने हाती बॅट धरली की आपल्या घरांतील वडील मंडळी एकच प्रश्न विचारतात, "यातून पुढे काय होणार?" शाळेत तीस वर्षे काढल्यावर हा प्रश्न मला तोंडपाठ झाला आहे, इतकेच नव्हे, तर तो मीही अनेकांना विचारला आहे. या प्रश्नाची कसोटी पाहणारे एक आयुष्य अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या एका रखरखीत गावी होऊन गेले. ज्यो बाउमन हे त्या खेळाडूचे नाव. वाचकांपैकी फारच थोड्यांनी ते ऐकले असेल. खुद्द अमेरिकेतही ते सर्वांना ठाऊक आहे असे नाही. तरीही सत्तेचाळीस वर्षे एका मोठ्या विक्रमापुढे हेच नाव लिहिलेले होते.

त्याचा खेळ बेसबॉल. आपल्या क्रिकेटचा हा दूरचा चुलतभाऊच म्हणावा. यात फलंदाजाने चेंडू मैदानाच्या कुंपणापलीकडे भिरकावला की त्याला 'होम रन' म्हणतात. तो आपल्या षटकारासारखा दिसतो खरा, पण त्याहून दुर्मीळ असतो. कारण बेसबॉलमध्ये फलंदाज तासन्‌तास खेळपट्टीवर ठाण मांडून बसू शकत नाही. एका सामन्यात त्याची पाळी येते ती जेमतेम चार-पाच वेळा. अमेरिकेत या खेळाची उतरंड आहे. सर्वांत वर 'मेजर लीग', आणि तिच्या खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणाऱ्या 'मायनर लीग'. बाउमनच्या काळी या पायऱ्यांना इंग्रजी अक्षरांची नावे होती. 'डी' ही सर्वांत खालची, 'सी' तिच्यावरची. १९५४ साली मेजर लीगमध्ये संघ होते अवघे सोळा. बाकीचे हजारो तरुण खालच्या पायऱ्यांवर उभे राहून वर पाहत असत.

ज्यो बाउमनचा जन्म १९२२ साली ओक्लाहोमा राज्यातील वेल्च या खेड्यात झाला. सव्वासहा फुटांहून अधिक उंची, भक्कम देह आणि डाव्या हाताची फलंदाजी. १९४१ साली त्याने अगदी तळच्या पायरीवरून व्यावसायिक खेळास आरंभ केला, तोच महायुद्ध आले. ऐन उमेदीची वर्षे नौदलाच्या नोकरीत गेली. १९४६ मध्ये टेक्सासमधील अमारिलो येथे तो पुन्हा मैदानात उतरला आणि पहिल्याच वर्षी त्याने ४८ होम रन मारले. १९४८ साली बॉस्टन ब्रेव्हज या मेजर लीग संस्थेच्या हार्टफर्ड येथील संघात त्याला स्थान मिळाले. आता शिखर दिसू लागले होते.

परंतु तिथे त्याचा जम बसला नाही. पुढील वर्षासाठी संस्थेने देऊ केलेले वेतन त्याला अपमानास्पद वाटले. त्या काळचा नियम असा, की खेळाडूचा करार ज्या संस्थेकडे असेल तिच्याशी तो बांधलेला. दुसऱ्या संघाकडे जाण्याची मुभा त्याला नसे. मुकाट्याने सही करावी किंवा घर गाठावे. बाउमनने घर गाठले. ओक्लाहोमातील एल्क सिटी येथे त्याने भागीदारीत पेट्रोलपंप चालवला आणि गावच्या हौशी-व्यावसायिक संघात तीन वर्षे खेळला. वय वाढत होते. मेजर लीगचे दार बहुतेक तिथेच बंद झाले.

१९५२ साली न्यू मेक्सिकोतील आर्टेशिया गावाच्या संघाने त्याला बोलावून घेतले. 'लाँगहॉर्न लीग' ही तिथली 'सी' दर्जाची स्पर्धा. पहिल्या वर्षी ५० होम रन, दुसऱ्या वर्षी ५३. १९५४ मध्ये तो शेजारच्या रॉझवेल गावी 'रॉकेट्स' संघात आला. १९४७ साली उडत्या तबकडीच्या वावडीमुळे जे गाव गाजले, तेच हे रॉझवेल. तिथेही त्याने पेट्रोलपंप घेतला. दिवसा मोटारीत तेल घालावे आणि सायंकाळी मैदानावर जावे, असा त्याचा परिपाठ. त्या मुलुखात एक लोभस प्रथा होती. कुणी होम रन मारला की प्रेक्षक जाळीच्या कुंपणातून डॉलरच्या नोटा पुढे सरकवत आणि फलंदाज कुंपणाकडेने फिरून त्या गोळा करी. आपल्याकडे तमाशात वा कुस्तीच्या फडात बक्षिसी दिली जाते, त्याचाच हा प्रकार.

मायनर लीगमधील एका हंगामाचा उच्चांक तेव्हा ६९ होम रनांचा होता. ज्यो हाउजरने १९३३ साली तो केला आणि बॉब क्रूजने १९४८ साली त्याची बरोबरी केली. मेजर लीगमध्ये तर बेब रूथचा १९२७ मधील ६० हा आकडा देवघरातील मूर्तीसारखा पूजला जात होता. ऑगस्टच्या अखेरीस बाउमनने एकाच सामन्यात चार होम रन मारले, आणि पाहता पाहता तो ६९ वर येऊन ठेपला. ५ सप्टेंबर हा हंगामाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी आर्टेशियात, त्याच्याच जुन्या गावात, दोन सामने होते. त्याला अधिक संधी मिळावी म्हणून संघाच्या व्यवस्थापकाने त्याला पहिल्या क्रमांकावर पाठवले. पहिल्या सामन्यात होजे गायार्दोच्या चेंडूवर सत्तरावा होम रन झाला. दुसऱ्या सामन्यात आणखी दोन. एकूण ७२! त्या हंगामात १३८ सामन्यांत त्याची सरासरी .४०० होती, म्हणजे दर दहा प्रयत्नांत चार यशस्वी फटके. ज्या खेळात दहापैकी तीन यशस्वी फटके मारणाराही उत्तम गणला जातो, त्यात हे यश किती मोठे, हे सांगावयास नकोच. त्याच्या फटक्यांमुळे संघाला २२४ धावा मिळाल्या.

टीकाकार म्हणतात, तिथली हवा विरळ, गोलंदाज कच्चे, दर्जा सामान्य. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण तीच हवा आणि तेच गोलंदाज त्या स्पर्धेतील प्रत्येक फलंदाजाच्या वाट्याला आले होते. बहात्तरपर्यंत पोचला तो एकटा बाउमन.

या पराक्रमानंतरही वरच्या पायरीचे बोलावणे आले नाही. तो बत्तिशीचा झाला होता. आणखी दोन हंगाम खेळून १९५६ मध्ये त्याने बॅट खाली ठेवली. कारकिर्दीतील होम रन ३३७. दूरदर्शन घरोघरी आले आणि गावोगावची मैदाने ओस पडू लागली. १९४९ साली ५९ मायनर लीग होत्या. पुढील दशकात त्यांतील बहुतेक विझून गेल्या. बाउमन रॉझवेलमध्येच राहिला आणि उद्योगधंदा करीत साधेपणाने जगला. २००१ साली बॅरी बाँड्सने मेजर लीगमध्ये ७३ होम रन मारले तेव्हा व्यावसायिक बेसबॉलमधील त्याचा उच्चांक मोडला. मायनर लीगमधला मात्र आजही अबाधित आहे. तिथे सर्वाधिक होम रन मारणाऱ्याला दरवर्षी त्याच्याच नावाचे पारितोषिक दिले जाते. २००५ साली रॉझवेलच्या मैदानाला त्याचे नाव देण्यात आले. त्या समारंभातच तो पडला, जायबंदी झाला, आणि काही आठवड्यांत, २० सप्टेंबर रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी निवर्तला.

आपल्याकडेही अशी माणसे झाली. रणजी सामन्यांत ६३७ बळी घेणारे राजिंदर गोयल आणि मुंबईचे पद्माकर शिवलकर यांना एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. म्हणून त्यांची गोलंदाजी खोटी ठरली काय?

आता कबुली देतो. काही वर्षांपूर्वी प्रार्थनेच्या वेळी मी मुलांना अभ्यासाचे महत्त्व सांगत होतो. ओघात माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे उदाहरण दिले. जिल्ह्याच्या संघातून क्रिकेट खेळलेला, पुढे कुठेच न पोचलेला, आता सायकलदुरुस्तीचे दुकान चालवणारा. नाव घेतले नाही, पण गाव लहान. त्याची मुलगी सातवीच्या रांगेत उभी होती, हे मला तिची मान खाली गेली तेव्हा कळले. त्या संध्याकाळी मी त्याच्या दुकानी गेलो. दुकानामागच्या मोकळ्या जागेत तो सात-आठ पोरांना बॅट कशी धरावी हे शिकवीत होता. मला पाहून लगबगीने पुढे आला, हात पुसले आणि वाकून नमस्कार केला. "बसा सर, चहा सांगतो," म्हणाला. माझी चूक त्याच्या कानी गेली होती की नाही, हे त्याने मला अखेरपर्यंत कळू दिले नाही. मी क्षमा मागितली तेव्हाही तो नुसता हसला.

दुसऱ्या दिवशी त्याच प्रार्थनेत मी माझे शब्द मागे घेतले. ती मुलगी समोर पाहत होती. यंदा खेळाच्या तासाला त्यालाच शाळेत बोलावले आहे. पालकांपैकी कुणी विचारतात, "सर, हे गृहस्थ कुठवर खेळले?" मी सांगतो, जिल्ह्यापर्यंत, आणि फार चांगले खेळले.