कुंपण कोणाच्या खर्चाने?

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात अल्मा नावाचे एक चिमुकले शहर आहे. लोकसंख्या ३००च्या घरात. परंतु वस्ती समुद्रसपाटीपासून १०,५०० फुटांहून उंच. त्याच्या पाठीशी डेमोक्रॅट, कॅमेरॉन, लिंकन आणि ब्रॉस ही चार शिखरे उभी आहेत. प्रत्येकाची उंची १४,००० फुटांहून अधिक, म्हणजे कळसूबाईच्या अडीचपटीपेक्षाही जास्त. एका दिवसाच्या चालीत या शिखरांची फेरी पूर्ण होते, म्हणून उन्हाळ्यात तेथे गिर्यारोहकांची रीघ लागते. २०२३च्या वसंत ऋतूत यांपैकी तीन शिखरांच्या वाटा मालकाने बंद केल्या. चौथ्याचा, ब्रॉसचा, माथा त्याआधीच अनेक वर्षे बंद होता. वाट अडविणाऱ्या या मालकाला तेथे हॉटेल उभारायचे नव्हते, की चढणाऱ्यांकडून पैसेही घ्यायचे नव्हते. त्याला धास्ती होती ती न्यायालयात भराव्या लागणाऱ्या नुकसानभरपाईची.

खाजगी मालकीच्या धोकादायक रानात लोकांना जाऊ द्यावे की नाही, हा प्रश्न जगातील अनेक नगरसंस्थांना सतावत असतो. वाट बंद करणे हे त्याचे सर्वांत सोपे उत्तर. त्याला खर्च थोडा लागतो, आणि उद्या अपघात झालाच तर 'आम्ही मनाई केली होती' असे म्हणायला मोकळीक राहते. परंतु कुंपणाने धोका नाहीसा होत नाही. त्याची किंमत कोणी मोजायची, एवढेच कुंपण ठरवीत असते. अल्माच्या वीस वर्षांच्या इतिहासात ही किंमत एका खिशातून दुसऱ्या खिशात कशी सरकत गेली, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरेल.

शिखरे खाजगी कशी झाली?

मुळात पर्वताचा माथा कोणा एकाच्या नावावर असतो कसा? याचे उत्तर १८७२च्या खाणकायद्यात आहे. सरकारी जमिनीवर मौल्यवान खनिज शोधून काढणाऱ्याने ठरावीक काम केले आणि एकरी ५ डॉलर भरले, की धातूच्या शिरेवरील तो तुकडा त्याच्या मालकीचा होई. चांदी-सोन्याच्या हव्यासाने या पर्वतरांगेचे असे असंख्य लहान तुकडे पडले. पुढे १८९३मध्ये अमेरिकन सरकारने चांदीची खरेदी थांबविली, चांदीचा भाव कोसळला आणि कोलोरॅडोतील कितीतरी खाणी ओस पडल्या. खाणी गेल्या, पण मालकीहक्क राहिले. आणि त्यांच्याबरोबर राहिली उघडी विवरे, कुजलेले लाकडी टेकू आणि ढासळणारे बोगदे. शंभर वर्षांनी लोक तेथे हौसेने येऊ लागले, तेव्हा त्यांच्या पायाखाली हा सारा वारसा होता.

अशा जमिनी लोकांना खुल्या राहाव्यात, या हेतूने कोलोरॅडोने एक कायदा केला. तो वस्तुतः एक सौदा होता. मालकाने शुल्क न घेता लोकांना जमिनीवर हिंडूफिरू द्यावे. त्याबदल्यात अपघाताच्या जबाबदारीतून कायदा त्याला बव्हंशी मोकळे करील. मात्र यात एक अपवाद होता. धोका ठाऊक असूनही मालकाने बुद्धिपुरस्सर वा दुष्ट हेतूने इशारा दिला नाही, तर त्याला हे संरक्षण मिळणार नव्हते. वाचताना हा अपवाद रास्त वाटतो, आणि तो रास्त आहेही. परंतु जुन्या खाणींनी पोखरलेल्या डोंगराच्या मालकाला प्रत्येक विवर हा 'ठाऊक असलेला धोका'च वाटणार, हे उघड आहे.

२००५मध्ये या भीतीपोटीच चारही शिखरे बंद झाली. दुसऱ्याच वर्षी अल्माच्या नगरसंस्थेने पुढाकार घेतला. ब्रॉसचा माथा वगळून बाकीच्या वाटांची जमीन तिने नाममात्र भाड्याने आपल्याकडे घेतली. त्यामुळे सार्वजनिक संस्थांना दाव्यांविरुद्ध कायद्याने जे संरक्षण असते, त्याची सावली या वाटांवर पडली. एवढ्याशा शहराने हे औदार्यापोटी केले असे मानण्याचे कारण नाही. येणारा गिर्यारोहक गावात न्याहारी करतो, गाडीत पेट्रोल भरतो, एखादी रात्र मुक्काम करतो. शिखर बंद म्हणजे गल्ला बंद, हे व्यवहारज्ञान त्यामागे होते. ज्याला लाभ होतो त्याने जोखमीचा काही वाटा उचलावा, हे तत्त्व येथे कोणी पुस्तकातून न शिकविता अंमलात आले.

माहितीचा दंड

ही घडी विस्कटली ती अल्मापासून दूर घडलेल्या एका अपघातामुळे. २००८मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहराजवळ अमेरिकन हवाई दलाच्या अकादमीच्या आवारात, पाण्याने खचलेल्या वाटेवर एक सायकलस्वार पडून गंभीर जखमी झाला. ती वाट खचल्याचे तेथील एका कर्मचाऱ्याला आधीच ठाऊक होते. तरीही इशाऱ्याची पाटी लागली नव्हती. खटला अनेक वर्षे रेंगाळला. अखेर २०१९मध्ये संघीय अपील न्यायालयाने सुमारे ७० लाख डॉलरची भरपाई कायम केली.

जखमी माणसावर अन्याय झाला होता आणि भरपाई त्याच्या हक्काची होती, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. वाहून गेलेला रस्ता कड्यासारखा दुरून दिसत नाही, आणि तो ठाऊक असलेल्याने पाटी लावायला हवी होती. तथापि या निकालातून राज्यभरच्या जमीनमालकांनी जो धडा घेतला, तो विपरीत होता. जो मालक आपल्या जमिनीवर हिंडतो आणि तिची खडान्‌खडा माहिती ठेवतो, तो अडकण्याचा संभव अधिक. ज्याने ती कधी डोळ्यांनीही पाहिली नाही, तो सुरक्षित. म्हणजे कायद्याने निष्काळजीपणाला दंड करायचा, तो प्रत्यक्षात माहितीला झाला. सरकारी अकादमीला ७० लाख डॉलरचा भार सोसता येतो. एकट्यादुकट्या मालकाचे अशा एका निकालाने सर्वस्व जाईल. फुकट दिलेल्या वाटेतून कवडीची प्राप्ती नाही आणि जोखीम मात्र अमर्याद. अशा स्थितीत कोणताही शहाणा माणूस फाटक लावूनच घेईल.

२०२३च्या प्रारंभी कायद्यात दुरुस्ती करण्याचा प्रयत्न झाला, पण ते विधेयक विधिमंडळाच्या समितीतच बारगळले आणि पाठोपाठ तीन शिखरे बंद झाली. त्याच वर्षी मालकाने एक मधला मार्ग काढला: आपल्या जबाबदारीवर चढत असल्याची लेखी कबुली दिली, तर वाट खुली. पुढे कॉन्झर्व्हेशन फंड या संस्थेने डेमोक्रॅटच्या माथ्यासह २८९ एकर जमीन विकत घेतली, ती राष्ट्रीय वनसेवेकडे सोपविण्याच्या उद्देशाने. मार्च २०२४मध्ये दुरुस्ती संमत झाली. वाटेच्या मुख्य प्रवेशस्थानी धोक्याची सूचना देणारी पाटी लावणाऱ्या मालकाला आता पुरेसे संरक्षण मिळते. माहिती दडविण्याऐवजी ती सांगण्यातच मालकाचे हित असावे, अशी ही रचना आहे, आणि म्हणूनच ती स्वागतार्ह ठरते.

एका माथ्याचे अनेक धनी

ब्रॉसचा माथा मात्र या दुरुस्तीनंतरही खुला झाला नाही. त्याच्या मालकीचे इतके तुकडे आणि इतके वाटेकरी आहेत, की सर्वांची संमती एकाच वेळी मिळविणे दुरापास्त होऊन बसले. सामाईक कुरणावर कोणाचाच अंकुश नसेल तर ते ओरबाडले जाते, हा गॅरेट हार्डिन यांनी १९६८मध्ये मांडलेला विचार सर्वपरिचित आहे. त्याची दुसरी बाजू मायकेल हेलर यांनी १९९८मध्ये दाखवून दिली. नकाराधिकार असलेले मालक फार झाले, तर मालमत्ता कोणाच्याच उपयोगी पडत नाही. ब्रॉस हे त्याचे मूर्तिमंत उदाहरण होय. कायद्याने प्रत्येकाची भीती कमी करता येते. शंभर सह्या गोळा करण्याचा खर्च कमी होत नाही. तेथे सार्वजनिक पैशाने खरेदी वा नगरसंस्थेचे मध्यस्थीचे काम यांखेरीज दुसरा उपाय दिसत नाही.

बंदीच्या बाजूनेही सांगण्यासारखे पुष्कळ आहे. १४,००० फुटांवर दुपारच्या विजा जीवघेण्या असतात. तेथे कोणी अडकला तर त्याला उतरवून आणणारी पथके कोलोरॅडोत मुख्यतः स्वयंसेवकांची असतात, आणि सुटका झालेल्याकडून तिचे मोल घेतले जात नाही. कोणाच्या तरी साहसाची किंमत दुसरे कोणी आपला जीव धोक्यात घालून देत असतात. नगरसंस्थांना ही चिंता वाटली तर तिला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

तरीही बंदीचा खर्च असतोच. तो अंदाजपत्रकात दिसत नाही, इतकेच. हे इंग्लंडमधील एका खटल्यात फार स्पष्टपणे पुढे आले. काँगल्टन बरो परिषदेच्या ताब्यातील एका उद्यानात जुन्या वाळूखाणीचे तळे होते. पोहण्यास मनाईच्या पाट्या होत्या, त्या कोणी जुमानीत नसे. अखेर काठची वाळू मातीने झाकून तेथे झाडेझुडपे लावायची, म्हणजे तो किनाराच नाहीसा करायचा, असे परिषदेने ठरविले. ते काम होण्यापूर्वीच, १९९५मध्ये, एका १८ वर्षांच्या तरुणाने उथळ पाण्यात सूर मारला आणि तो कायमचा पंगू झाला. अपील न्यायालयाने परिषदेवर काही अंशी ठपका ठेवला; २००३मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निर्णय फिरविला. सूर मारण्यातला धोका उघड होता, आणि काही थोड्यांच्या अविचारापायी असंख्य कुटुंबांच्या निरुपद्रवी आनंदावर पाणी सोडण्याचे बंधन परिषदेवर नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. अपघातग्रस्त तरुणाबद्दल कोणालाही हळहळ वाटेल. पण प्रत्येक हळहळीचे रूपांतर कुंपणात होऊ लागले, तर मोकळी हवा ही केवळ श्रीमंतांच्या खाजगी बागांतच उरेल.

न्याय्य वाटणी

या साऱ्या अनुभवातून जोखमीच्या वाटणीचे एक सूत्र हाती लागते. नुकसान ज्याला कमीत कमी खर्चात टाळता येईल, त्याच्यावर त्याची जबाबदारी असावी. कडा, वीज, विरळ हवा हे धोके चढणाऱ्याला दिसतात, आणि मागे फिरणे त्याच्या हाती असते. ते त्याने आपल्या शिरावर घ्यावेत. गवताखालचे विवर किंवा खचलेली वाट त्याला दिसत नाही. ते ज्याला ठाऊक आहे, त्याने पाटी लावावी, आणि ती लावल्यावर त्याला निर्धास्त झोप लागावी. उरलेला भार, म्हणजे सुटकेची पथके, वाटांची देखभाल, प्रसंगी जमिनीची खरेदी, हा समाजाचा. कारण खुल्या डोंगराचा लाभ साऱ्या समाजाला होतो.

नगरसंस्थेला एखादी वाट बंद करावीच लागली, तर ती का बंद केली, किती दिवसांसाठी आणि कोणती दुरुस्ती झाल्यावर ती उघडेल, हे तिने जाहीर करणे बंधनकारक असावे. मुदतीची बंदी ही खबरदारी ठरते. बेमुदत बंदीने जबाबदारी झटकली जाते. ३०० माणसांच्या अल्माला नाममात्र भाड्यात जे जमले, ते मोठ्या आणि श्रीमंत शहरांना अशक्य नाही. रान मोकळे राहावे असे लोकांना मनापासून वाटत असेल, तर त्याची किंमत एका मालकाच्या माथी मारून चालणार नाही. ती सर्वांनी मिळून, कराच्या रूपाने आणि उघडपणे, दिली पाहिजे.