आच हवी, धूर नको

लाकडाच्या आचेवर भाजलेल्या पदार्थाची खुमारी गॅसवर येत नाही, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. ही आवड साता समुद्रापलीकडेही आहे. कोरियात जन्मलेल्या ॲन किम यांनी २०१६ साली अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात 'यंग जोनी' हे हॉटेल काढले. लाकडाच्या भट्टीत भाजलेला पिझ्झा आणि त्याला सोया सॉस-मिरचीची कोरियन चव, असा तिथला मेळ होता. २०१९ साली किम यांना जेम्स बिअर्ड हा मानाचा पुरस्कारही मिळाला. डॉक्टर म्हणून अशा जेवणातल्या तीन गोष्टी मला वाचकांपुढे ठेवाव्याशा वाटतात.

पहिली, मीठ. कोरियन ताटात किमची हवीच. कोबी मिठात मुरवून, तिखट, आले, लसूण लावून ती आंबवतात. दह्याप्रमाणेच तिच्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे उपकारक जंतू वाढतात. पण मीठही भरपूर जाते. जठराच्या कर्करोगाचे प्रमाण दक्षिण कोरियात फार आहे. जठरातील हेलिकोबॅक्टर जंतू हे त्याचे मोठे कारण, तर खारट आहार हे आणखी एक. म्हणूनच तेथे चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी करतात. लोणचे-पापड धरून दिवसाचे मीठ ५ ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याच्या आत असावे.

दुसरी, करपणे. मांसाची चरबी थेट निखाऱ्यावर ठिबकली की धूर होतो आणि त्यातील बेंझोपायरीनसारखी घातक द्रव्ये मांसावर बसतात. भट्टीत पदार्थ विस्तवाच्या बाजूला राहतो, म्हणून हा धोका कमी. मांस ज्वाळेपासून दूर ठेवावे, वारंवार उलटावे, काळा भाग काढून टाकावा. कोरियन लोक भाजलेले मांस लेट्यूसच्या पानात गुंडाळून खातात. पालेभाजीची ही जोड घेण्यासारखी आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, धूर. हॉटेलच्या भट्टीला धुराडे असते, घरच्या चुलीला बहुधा नसते. जुनाट खोकला आणि दम घेऊन येणाऱ्या भगिनींना मी विडी-तंबाखूआधी चुलीविषयी विचारतो. वर्षानुवर्षांच्या धुराने फुप्फुसे निकामी होतात, मोतीबिंदूही बळावतो. चव सगळे घर चाखते, धूर मात्र एकटीच्या छातीत जातो.

तेव्हा चुलीवरचे जरूर खा. पण आधी धुराडे बसवा, वाळलेलीच लाकडे वापरा, लहान मुलांना चुलीपासून दूर ठेवा. खोकला दोन आठवड्यांत न थांबल्यास डॉक्टरांना दाखवा.