हिवाळ्याआधी टायरची निवड

दक्षिण जर्मनीतील श्टुटगार्ट हे शहर वेगवान मोटारींचे माहेरघर मानले जाते. पोर्शे कंपनीची प्रसिद्ध ‘९११’ ही स्पोर्ट्‌स कार तेथेच तयार होते. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरे आहेत. शिवाय पुण्याच्या वाहन उद्योगातील अनेक अभियंते कामानिमित्त त्या भागात जाऊन राहतात. तेथे उन्हाळ्यात नवी स्पोर्ट्‌स कार घेणाऱ्यापुढे ऑक्टोबर उजाडला की एक प्रश्न उभा राहतो : आता टायर कोणते घालावेत? आपल्याकडे हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण देशाच्या बहुतेक भागांत एकच टायर बारा महिने चालतो. तेथे तो चालत नाही. अशी गाडी बहुधा उन्हाळी टायरांवरच घरी येते आणि ते टायर थंडीसाठी घडवलेले नसतात.

मोटार कितीही मोठ्या ताकदीची असो, रस्त्याला तिचा स्पर्श होतो तो केवळ चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढे असते. वेग घेणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे त्या चार तळहातांवर अवलंबून असतात. तेथील रबर मऊ असेल तरच ते रस्त्याच्या बारीक खडबडीत पृष्ठभागात रुतून पकड घेते. डिसेंबरात आपल्या घरातील खोबरेल तेल बाटलीत थिजते, हे आपण पाहतो. रबर तसे एकाएकी थिजत नाही. परंतु तापमान उतरेल तसतसे ते ताठर होत जाते. उन्हाळी टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली पकड गमावू लागते, असा व्यवहारातील ठोकताळा आहे. स्पोर्ट्‌स कारचे खास उन्हाळी टायर तर तापलेल्या रस्त्यासाठीच केलेले असतात. कडाक्याच्या थंडीत त्यांच्या रबराला तडे जाण्याची भीती असते. म्हणून ‘बर्फ पडला की टायर बदलू’ हा विचार चुकीचा ठरतो. बर्फाचा कणही नसलेला, पण गारठलेला ओला रस्ता पुरेसा धोकादायक असतो.

धोका किती, हे साध्या गणितानेही कळते. चाक आणि रस्ता यांमधील घर्षण एक चतुर्थांशावर आले, तर ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. कोरड्या रस्त्यावर जी गाडी १२ मीटरांत थांबली असती, ती आता ४८ मीटर जाईल. आणि त्या ४८ मीटरांत रस्ता ओलांडणारे एखादे मूलही असू शकते. आमच्या गाडीची चारही चाके इंजिनाने फिरतात, ब्रेकवर संगणकाचे नियंत्रण आहे, असे काही जण सांगतात. चारही चाकांना मिळणारी ताकद गाडी हलवण्याच्या कामी येते, थांबवण्याच्या नव्हे. आणि संगणक फक्त असलेली पकड चार चाकांत वाटून देतो, नवी निर्माण करीत नाही.

हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहील असे बनवलेले असते. त्याच्या नक्षीत असंख्य बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्यांच्या कडा बर्फाला धरतात, आणि नक्षीच्या खाचांत दाबून बसलेला बर्फ रस्त्यावरील बर्फाला धरून ठेवतो. उन्हाळ्यात मात्र हेच मऊ रबर लवकर झिजते. बारमाही टायर हा दोहोंमधील तडजोडीचा मार्ग होय. साध्या, हलक्या गाडीला तो पुरतो. प्रचंड ताकदीच्या गाडीला ही तडजोड शोभत नाही, असे आम्हांस वाटते.

निवड करताना टायरच्या कडेवरील मजकूर वाचता आला पाहिजे. २०१९ पासून आलेल्या ९११ कॅरेरा या गाडीच्या पुढील टायरवर ‘२३५/४० आर १९’ असे लिहिलेले आढळते. २३५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ४० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के, अर्थात ९४ मिलिमीटर. ‘आर’ हे रेडियल रचनेचे अक्षर, तर १९ हा चाकाचा इंचांतील व्यास. मागील टायर २९५ मिलिमीटर रुंद असतात; तेव्हा पुढचे मागे लावता येत नाहीत. रुंद टायर सैल बर्फावर तरंगू पाहतो, अरुंद टायर बर्फ दाबून खाली उतरतो. म्हणून हिवाळ्यासाठी थोडे अरुंद टायर अनेकदा सोयीचे ठरतात. परंतु गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असलेलेच माप घ्यावे. चाक लहान घेतले तर स्पोर्ट्‌स कारच्या मोठ्या ब्रेकवर ते बसतच नाही.

शेवटचे अक्षर वेगमर्यादेचे असते. ‘व्ही’ म्हणजे ताशी २४० किलोमीटर, ‘वाय’ म्हणजे ३००. गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी मर्यादेचे हिवाळी टायर जर्मनीत चालतात. मात्र ती मर्यादा दाखवणारी चिठ्ठी चालकाच्या नजरेसमोर लावावी लागते. याशिवाय तीन शिखरांचा पर्वत आणि त्यात हिमकण असे चिन्ह टायरवर असावे लागते. पूर्वी ‘एम अधिक एस’ ही अक्षरे पुरत; १ ऑक्टोबर २०२४ पासून ती पुरेशी नाहीत. रस्त्यावर बर्फ वा निसरडेपणा असताना योग्य टायरांविना गाडी चालवल्यास ६० युरो दंड होतो आणि चालकाच्या नावे एक दोषगुण नोंदला जातो.

गाडीसाठी मोठी रक्कम मोजलेले गृहस्थ पुष्कळदा येथेच काटकसर करतात आणि दोनच हिवाळी टायर घेतात. ते मागे बसवले तर पुढची चाके वळणावर सरळ घसरत जातात. पुढे बसवले तर गाडीची मागची बाजू भोवऱ्यासारखी फिरते. टायर चारही हवेत, एकाच प्रकारचे हवेत. कायद्याला १.६ मिलिमीटर नक्षी पुरते, पण बर्फात ४ मिलिमीटरपेक्षा कमी नक्षीवर भिस्त ठेवू नये.

जर्मनीत ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ असा हिवाळी टायरांचा काळ मानतात. पहिल्या बर्फाच्या बातमीनंतर टायरांच्या दुकानांत गर्दी उसळते. त्याआधीच वेळ ठरवलेली बरी. नव्या टायरांवर पहिले काही शे किलोमीटर गाडी बेताने चालवावी, आणि ५० किलोमीटरनंतर चाकांचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. तापमान १० अंशांनी उतरले की टायरमधील हवेचा दाब दीड-दोन पौंडांनी घटतो, तेव्हा तोही तपासत राहावे. काढलेले उन्हाळी टायर धुऊन, कोणता कोठला हे खडूने लिहून, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवून देतात.