दोन वक्रांत विभागणारा वक्र

संमिश्र संख्यांवर पाहिले असता ज्या वक्राचा पृष्ठभाग दोन छिद्रांचा दिसतो, तो जीनस दोनचा वक्र होय, आणि त्याच्याशी निगडित अशी, जिच्यातील बिंदूंची बेरीज करता येते ती द्विमितीय रचना त्याचा जेकोबियन म्हणून ओळखली जाते. ही रचना सहसा अखंड असते; परंतु य² = क्ष⁶ + १ या वक्रात क्ष² ऐवजी स लिहिल्यास य² = स³ + १ हा एका छिद्राचा इलिप्टिक वक्र मिळतो, तर य ला क्ष³ ने भागून व स म्हणून १/क्ष² घेऊन तोच वक्र दुसऱ्या वाटेने हाती येतो, आणि मर्यादित बिंदूंचा फरक सोडला तर जेकोबियन या दोहोंचा गुणाकार ठरतो. लजांद्र आणि याकोबी यांनी १८३२ मध्ये या विभाजनाचा मागोवा घेतला होता. पुढे गणितज्ञ कानी यांच्या १९९७ च्या याच विषयावरील प्रमेयाच्या आधारे कास्ट्रिक व डेक्रू यांनी २०२२ मध्ये साइक ही संकेतप्रणाली साध्या संगणकावर सुमारे तासाभरात फोडली.